त्रेसष्ट विहिरी आणि एक रेघ

"पानी दाखवनाऱ्या ताई बोलून राह्यल्या काय?"

सकाळचे सात वाजत होते, सुरभीच्या तोंडात ब्रश होता आणि त्या सकाळचा हा चौथा फोन होता. यवतमाळच्या मुलींच्या वसतिगृहातल्या त्या खोलीत दोन खाटा, एक टेबल आणि टेबलाखाली दगडांनी भरलेली तीन खोकी होती. दगड सुरभीचे. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, विषय भूगर्भशास्त्र.

"मी सुरभी बोलते," तिने फेस आवरत सांगितलं. "विद्यार्थिनी आहे. कॉलेजात शिकते."

"हो हो, त्याच ताई. नारळ तुमी आनता का आमी आनाचा?"

समोरच्या खाटेवर प्रेरणा पांघरुणात तोंड खुपसून हसत होती. फोन ठेवल्यावर तिने हात जोडले. "माताजी, भक्ताले नाराज नोका करू. शेंडीवाला आनाचा का बिनशेंडीचा, तेवढं त सांगून द्या."

"मारीन तुले," सुरभी म्हणाली. पण तिलाही हसू आलं. मग फोनवर आपलं पान उघडून तिने पाहिलं आणि हसू ओसरलं. चार दिवसांपूर्वी त्या पानाला एक्केचाळीस माणसं ओळखत होती. आज एकोणीसशे. आणि त्या एकोणीसशे माणसांना ती भलतीच कुणीतरी म्हणून ठाऊक झाली होती.

गोष्ट सुरू झाली होती जानेवारीत, नंदकिशोर सरांच्या तासाला. सर पुस्तक मिटून टेबलावर टेकले होते. "तुमच्यातले निम्मे जण जूनमध्ये माझ्याकडे शिफारसपत्र मागायला येणार. माझं पत्र आता कोण वाचतं? लोक फोनवर नाव टाकून शोधतात. काहीच सापडलं नाही, तर त्यांच्या लेखी तुम्ही नाहीच. माणूस पोचायच्या आधी त्याचं काम पोचलं पाहिजे. करा स्वतःचं पान."

त्याच संध्याकाळी सुरभीने लिंक्डइनवर पान केलं आणि तेच इन्स्टाग्रामवरही. वरची ओळ तिने पुण्याच्या एका मुलीच्या पानावरून उचलली: उत्साही, ध्येयनिष्ठ, संघभावनेने काम करणारी. इंग्रजीत ते फार झोकदार दिसत होतं. तीन पसंत्या आल्या. एक प्रेरणाची, एक सरांची, तिसरी चुकून तिच्याच अंगठ्याची. आठवडाभराने तिने ती ओळ पुन्हा वाचली तेव्हा तिला वाटलं, ही पोरगी कोण बाई? आपण हिला कधी पाहिलेलं नाही.

तिच्याजवळ दाखवण्यासारखं होतं तरी काय? नेरजवळच्या चिचगावात बाबांची, मारोतरावांची, शेती. कपाशी, तूर. आणि विहिरी. लहानपणी ती विहिरीच्या काठावर पालथी पडून आत बघत बसायची. पाण्याकडे नाही, भिंतीकडे. वर काळी माती, तिच्याखाली पिवळट मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, मग गेरूचा हातभर लाल पट्टा आणि त्याखाली काळाकुळीत पत्थर. तिला ते आईच्या नऊवारीच्या घडीसारखं वाटे. भूगर्भशास्त्र तिने काही ठरवून घेतलं नव्हतं. प्रवेशाला उशीर झाला आणि त्याच विषयाच्या जागा उरल्या होत्या. मावशी म्हणाली होती, "दगडाचं शिकून काय पोट्टी गिट्टी फोडन काय?" पण दुसऱ्या वर्षी एका दुपारी सरांनी फळ्यावर तेच पट्टे काढले. म्हणाले, हा प्रत्येक थर म्हणजे लाव्ह्याचा एक वेगळा पूर. आणि तो लाल पट्टा म्हणजे दोन पुरांच्या मधल्या हजारो वर्षांत तयार झालेली माती, वरून आलेल्या आगीत भाजून निघालेली. त्या दुपारी सुरभीला बाकावर बसवेना. आपल्या विहिरीत एवढं सगळं होतं आणि आपण त्यात नुसते खडे टाकत होतो!

तर तिने ती पुण्याची ओळ पुसली. तिच्या जागी लिहिलं: मी विहिरींच्या भिंती वाचते. पुढच्या शनिवारी घरी गेली ती दोरी घेऊनच. दर फुटाला लाल चिंधी बांधलेली ती दोरी विहिरीत सोडायची, काठावर पालथं पडायचं आणि चिंध्यांसकट भिंतीचा फोटो काढायचा. धाकटा भाऊ अंकुर तिचे पाय धरून बसे. आई, इंदूबाई, बांधावरून ओरडे, "पडशीन ना वं! लोकायच्या पोरी फोटो काढतेत त बागेत काढतेत!"

विहीर क्रमांक एक. विहीर क्रमांक दोन. प्रत्येकीखाली चार ओळी मराठीत, चार इंग्रजीत. मध्य फेब्रुवारीपर्यंत सात विहिरी झाल्या आणि एक्केचाळीस माणसं. त्यातला एक केरळातला प्राध्यापक होता. त्याने लाल पट्ट्याबद्दल नेमका प्रश्न विचारला. त्याचं उत्तर सुरभीने तीनदा पुसून चौथ्यांदा लिहिलं. कुणीतरी वाचतंय! केरळात बसून कुणीतरी चिचगावची विहीर वाचतंय!

त्याच सुमाराला बाबांनी दुसरी विहीर खोदायचं ठरवलं. विहीर म्हटली की त्या भागात धावजीला बोलवायचं, हा रिवाज. धावजी पलीकडच्या तांड्यावरचा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा धरून तो शेतातून फिरतो, आणि जिथे नारळ उभा राहतो तिथे खोदायचं. चाळीस वर्षांत त्याने दाखवलेल्या विहिरी लोक बोटांवर मोजून सांगतात.

"धावजीले बलावतो उद्या," बाबा म्हणाले.

"बाबा, मले चार दिवस द्या."

चार दिवस ती शेजाऱ्यांच्या सहा विहिरी पाहत हिंडली. नाल्याचा उतार पाहिला, लाल पट्टा कुठल्या विहिरीत किती फुटांवर आहे ते वहीत उतरवलं. मग धुऱ्याच्या बांधाजवळ एक जागा दाखवली. "इथं. पस्तीस फुटांवर, गेरूच्या जरा वर."

"न् नाही लागलं त?"

"त मी सगळ्यायसमोर सांगीन, का मी चुकली."

मारोतराव त्या जागेपर्यंत चालत गेले. मग त्यांनी पायातली चप्पल काढली आणि त्या जागेवर दगड ठेवला.

पहिली कुदळ पडण्याआधी जागेची पूजा करतात आणि घरची लेक नारळ फोडते. त्या सकाळी वारा होता, कापूर पेटता पेटत नव्हता. सुरभी तळहातावर नारळ घेऊन, धुरामुळे डोळे मिटून, शेतात उभी होती. अंकुरने फोटो काढला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चौतीस फुटांवर भिंतीतून पाण्याची धार फुटली, तळाशी खोदणारे क्रेनवाले ओरडत वर आले आणि अंकुरला आनंदात दुसरं काही सुचलं नाही. त्याने तोच फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला, तिच्या पानाला जोडला आणि खाली लिहिलं: आमच्या ताईनं जागा दाखवली. पस्तीस फूट म्हटलं, चौतीसवर लागलं!

खोटं एक अक्षर नव्हतं. पण तळहातावर नारळ, मिटलेले डोळे आणि खाली अशी ओळ. तालुक्यातल्या कुठल्याही माणसाने त्याचा एकच अर्थ काढला असता, आणि सगळ्यांनी तोच काढला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण सुरभीचा एक अर्ज नागपूरला गेलेला होता. भूजलाचं काम करणारी एक संस्था दर उन्हाळ्यात दोन विद्यार्थ्यांना सहा आठवडे आपल्या सर्वेक्षणात घेते. तिथे काम केलेली मुलं पुढे खरोखर पाण्याच्या कामाला लागतात. अर्जात गुणांबरोबर आपल्या पानाचा पत्ता द्यायचा होता. तो तिने दिला होता. मुलाखत तीन आठवड्यांवर आली होती. आता नागपूरला कुणी सुरभीचं नाव टाकून शोधलं, की सात विहिरींच्या आधी नारळ दिसणार होता.

"काढून टाक सगळं," सर फोनवर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. "फोटो, पान, सगळं. रत्नप्रभा मॅडम घेतात मुलाखत. फार कडक आहेत. शास्त्राची विद्यार्थिनी नारळ घेऊन पाणी शोधते, हे त्यांनी पाहिलं तर संपलंच. पान नसलेलं परवडलं."

सुरभीने पान उघडलं. काढून टाकण्याचं बटण शोधायलाच पाच मिनिटं गेली. बोट त्यावर टेकणार, एवढ्यात फोन आला. फुलचंद राठोड, मांगलादेवी गावाकडून.

"ताई, पानी पाहाले कधी येता?"

तिचा संयम सुटला. "काका, मी नारळवाली नाही. मी मोजमाप करते. पाण्याचं विचारायचं असेल, तर आधी तुमच्या शेजारच्या विहिरीत आज काठापासून पाणी किती खोल आहे ते मोजा, भिंतीचा फोटो पाठवा, मग बोलू." तिला वाटलं, आता हा माणूस पुन्हा फोन करायचा नाही.

तासाभराने फोन किणकिणला. विहिरीच्या भिंतीचा फोटो, नंतर नकाशावरचं ठिकाण, नंतर ओली दोरी हातात धरलेला फुलचंद आणि खाली संदेश: सतरा हात बरोबर. शेजाऱ्याच्या दुसऱ्या इहिरीतबी मोजलं, तिथं साडेसोळा. आनखी कुठं मोजू?

सुरभी खाटेवरून उठून उभीच राहिली. "प्रेरणा!"

"काय झालं? कोनी नारळ पाठवला?"

"अगं, पाण्याची पातळी! मार्च महिन्यातली! मी गेली असती त मले अख्खा दिवस लागला असता!" ती खोलीत फेऱ्या मारू लागली. "रोज धा फोन येते. धा फोन म्हंजे धा विहिरी. मले लोकं पाणी विचारून राह्यले, आन मी त्यायले हाकलून राह्यली!"

पान काढून टाकायचं राहूनच गेलं.

त्या दिवसापासून प्रत्येक फोनला एकच उत्तर: दोरीला दगड बांधा, पाण्याला टेकला की काठाशी गाठ मारा, दोरी वर काढून मोजा. भिंतीचा फोटो आणि ठिकाण पाठवा. पाणी कुठे लागेल ते मी सांगणार नाही. पण तुमच्या आजूबाजूला पाणी किती खोल आहे ते सगळ्यांचं मोजून झालं की पानावर दाखवीन. काही जण चिडले. एकाने विचारलं, नारळ बिघडला काय? पण बऱ्याच जणांनी दोरी सोडली. आपली विहीर कुणीतरी विचारतंय म्हटल्यावर माणसं खुलली. ती सांगू लागली: ही आज्याने खोदली, हिला सासूचं नाव, हिचं पाणी गोड, हिच्यात एकदा म्हैस पडली होती.

घोटाळा एकच होता आणि तो सुरभीच्या लक्षात यायला चार दिवस लागले. फुटाची पट्टी कुणाजवळ नव्हती. सगळे हाताने मोजत होते, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. एका विहिरीचं माप नवऱ्याने सोळा हात पाठवलं आणि बायकोने एकोणीस. सुरभी डोकं धरून बसली. मग तिने सगळ्यांना नवा संदेश टाकला: तुमचा हातही मोजून पाठवा. दोन दिवस तिच्या फोनवर नुसते हात येत होते. शिवणाच्या टेपावर ठेवलेले, दारावर खडूच्या खुणा करून टेकवलेले. कुणाचा साडेएकोणीस इंच, कुणाचा सोळा. एकीने लिहिलं: दोरी नवऱ्याने सोडली, पन हात माझाच धरजा, तो मोजताना बोलते.

"तुया पानावर आता विहिरी कमी न् हात जास्त झाले," प्रेरणा म्हणाली. पण हिशेबाची वही तीच लिहीत होती: अमुकचा हात, तमुकचा हात, गुणिले, बरोबर फूट. दोन आठवड्यांत त्रेसष्ट विहिरी झाल्या. सुरभीने नकाशावर निळे ठिपके मांडले आणि प्रत्येकाशेजारी आकडा.

रविवारी ती चिचगावला असताना दारात लुना थांबली. डोक्याला पांढरा फेटा, कानात बाळी, पाठ ताठ. धावजी. आईने लगबगीने खुर्ची झटकली. बाबा उगाच उपरण्याने तोंड पुसू लागले.

"मारोतराव, औंदा मले बलावलं नाही."

"घरातच पोरगी शिकली, धावजी. म्हटलं..."

"बरं केलं. माया गुडघ्यायले आराम." मग तो सुरभीकडे वळला. "तूच काय वं ते? तांड्यातल्या पोट्ट्यायनं फोटो दाखवला मले. नारळ उलटा धरला व्हता तू."

"मी फोडाले धरला होता, आबा."

"हां, मंग ठीक हाय." त्याने चहाची बशी ओठांना लावली. डोळे मिश्कील होते. सुरभीला राहवलं नाही.

"आबा, नारळ खरंच उभा रायते काय?"

आईने तिला डोळ्यांनी दटावलं. धावजीने चहा संपवला, बशी खाली ठेवली. "नारळ हाती घेतला का लोक चूप बसते, छोरी. चूप बसले का मले जमीन पाहाले भेटते. उंबर कुठं हाय, वारूळ कुठं, दव कुठं उशिरापर्यंत रायते. पन हे सांगतलं त गिऱ्हाईक म्हनन, मंग हे त मीच पाहातो."

सुरभी ताडकन उठली. मग आत जाऊन तिने नकाशा आणला आणि त्याच्यासमोर पसरला. धावजीला अक्षरं येत नव्हती. पण नाला कुठला, रस्ता कुठला हे सांगितल्यावर त्याचं बोट शेताशेतातून असं फिरू लागलं, जसा तो स्वतःच चालतोय. हे फुलचंदचं. हे पाटलाचं. मग बोट थांबलं. ठिपक्यांच्या मधोमध एक मोकळी पट्टी होती.

"इथं काहून नाही काही?"

"तिथून फोन नाही आला."

"येनारबी नाही." त्याने बोट पट्टीवरून उचललं. "तिथं तीन कोरड्या इहिरी हायेत. मीच दाखवल्या व्हत्या. लागलेल्या इहिरीचं नाव गाव घेते, बाई. न लागलेली मायाच पोटात रायते."

"मले दाखवान?"

"कायले?"

"मोजाले."

"कोरडी इहीर काय मोजतं?" पण तो उठला. "मायं नाव लिहू नोको. कबूल?"

"कबूल."

तिन्ही विहिरी बुजल्यासारख्या झाल्या होत्या, काठाला बाभळी. पहिलीत डोकावल्यावर सुरभीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. दुसरीत डोकावली आणि कळलं. थर नव्हते. मुरूम नाही, मांजऱ्या नाही, लाल पट्टा नाही. वरून दोन हात माती आणि मग तळापर्यंत एकच एक काळा, गच्च दगड. तिसरीत तेच. तिने फोनवर तिन्ही ठिकाणं नोंदवली आणि नकाशा उघडला. तीन ठिपके सुतात ओवल्यासारखे एका रेघेत होते. रेघेच्या वरच्या बाजूला विहिरींचं पाणी अठरा, एकोणीस, एकवीस फूट. खालच्या बाजूला चौतीस, पस्तीस, छत्तीस. चार शेतांचं अंतर, आणि पाण्यात पंधरा फुटांची पायरी.

"आबा!" ती इतक्या जोराने ओरडली, की धावजी दचकला. "इथं भिंत आहे! जमिनीच्या खाली! जुन्या भेगेतून लाव्हा वर चढला न् तिथंच थिजला. उभी भिंत, अन् पाणी तिच्यावर अडून राह्यलं, धरणावानी. तुमच्या तिन्ही विहिरी नेमक्या भिंतीच्या डोक्यावर बसल्या. तिथं पाणी लागणंच नव्हतं, कोणीही दाखवलं असतं तरी!"

धावजी विहिरीच्या काठावर बसला. त्याने एक खडा आत टाकला. "तीस वर्सं," तो शेवटी म्हणाला, "मले वाटे, त्या तीन दिसी माया मनात काही खोट असन." मग फेटा काढून त्याने डोकं खाजवलं आणि एकदम हसू लागला. "भिंत! लेकाची भिंत!" उठताना म्हणाला, "लिही नाव. धावजी जाधव. तीन कोरड्या त्यानं दाखवल्या म्हन."

आता खरं तर सुरभीने थांबायला हवं होतं. सरांनी सांगितलंच, "तीन जागांवरून रेघ मारता येते, सिद्ध होत नाही." पण तिच्या अंगात आनंद मावत नव्हता. तिने नकाशा पानावर टाकला, धावजीच्या नावासकट. तीन ठिपक्यांमधून टिंबटिंबांची रेघ काढली, शेजारी "बहुधा" लिहिलं. आणि हात थांबेना म्हणून ती रेघ पुढे नाल्यापर्यंत ओढली, तिथे बाण काढला आणि लिहिलं: ही भिंत इथे, नाल्याच्या तळात, उघडी दिसायला हवी.

दोन दिवसांत तो नकाशा नारळापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. तिसऱ्या दिवशी मुलाखत होती.

लॅपटॉपच्या पडद्यावर रत्नप्रभा मॅडम दिसल्या. पांढरे केस, जाड काच, मागे कपाटभर फायली. नमस्कार झाल्याबरोबर त्यांनी पडद्यावर फोटो आणला. नारळ.

"या तुम्हीच?"

"हो, मॅडम. पूजेचा आहे. फोडायला धरला होता."

"हा काढून का टाकला नाही?"

"ह्या फोटोमुळेच लोकांचे फोन आले. त्यातूनच त्रेसष्ट विहिरी आल्या. तो काढला असता तर विहिरी कुठून आल्या हे खोटं सांगावं लागलं असतं."

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. मग पडद्यावर नकाशा आला. "हातांची दुरुस्ती केलीत, ते बरं केलंत. भिंत असू शकते. पण रेघ तुम्ही नाल्यापर्यंत नेली आहे. तिथे जाऊन पाहिलं?"

"नाही."

"मग नेली कशी?"

सुरभीला खोटं सुचलंही नाही. "उत्साहात, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "हे बघा. एक जागा भरली. दुसरीसाठी तिघं आहेत आणि गुण तिघांचेही चांगले आहेत. सोमवारी मला यवतमाळला काम आहे, तिथून मी अमरावतीला जाणार. नेर वाटेवरच आहे. तुमच्या बाणाच्या टोकाशी मला उभं करा. भिंत दिसली तर जागा तुमची. नाही दिसली, तर तो बाण पानावरून स्वतः काढा आणि का काढला ते लिहा."

रविवारी सुरभी आणि अंकुर नाला पिंजत होते. नाला कोरडा, तळात रेती आणि गोल गोटे, पाचशे पावलं तेच. काळा दगड कुठे म्हणून नाही. "रेतीखाली असन," अंकुर म्हणाला. "असन नाही चालत," सुरभी म्हणाली आणि एका गोट्यावर बसून राहिली.

सोमवारी तिला वाटलं होतं, मॅडम येतील, आपण दोघी जाऊ, जे व्हायचं ते गुपचूप होईल. पण अंकुरने ग्रुपवर टाकलं होतं. नाल्याच्या दोन्ही काठांवर साठसत्तर माणसं. फुलचंद मांगलादेवीहून आला होता. धावजी बाभळीखाली. आई कळशीभर पाणी घेऊन. चार जणांनी फावडी आणली होती. प्रेरणा यवतमाळहून मॅडमच्याच गाडीत बसून आली होती आणि डोळ्यांनी विचारत होती, काय होईल?

"कुठे?" मॅडमनी बॅग उघडत विचारलं.

सुरभीने बाणाची जागा दाखवली. फावडी चालली. दीड फूट रेती, मग गोटे, मग पिवळा मुरूम. दहा पावलं सरकून दुसरा खड्डा. पुन्हा मुरूम. "लागन, लागन," कुणीतरी काठावरून म्हणालं. कुणीतरी हळूच हसलं. मॅडमनी घड्याळ पाहिलं. अंकुरचा चेहरा उतरला. "ताई, तिसरा कुठं?"

 सगळे तिच्याकडे बघत होते, आणि ती नाल्याकडे. नकाशावर रेघ बोटाने काढलेली. एका बोटाच्या जाडीत शंभर-दीडशे फूट सहज हरवतात. मग भिंत कशी ओळखायची? पाणी कसं वागतं त्यावरून. भिंत असेल तर पाणी वरच्या अंगाला अडेल. ती खड्डे सोडून वर चालू लागली. वाळूत पाय भाजत होते. साठ पावलांवर तिला लव्हाळा दिसला. एप्रिल महिना, सगळा नाला करपलेला, आणि तिथे काठाच्या वळणात हिरवा लव्हाळा; काल ती त्याच्या शेजारून दोनदा गेली होती. तो वरच्या बाजूला पसरत गेला होता आणि खालच्या बाजूला सुरीने कापल्यासारखा एका रेघेत संपत होता. त्या रेघेच्या खाली पुन्हा कोरडी रेती.

"इथं!" ती ओरडली. "अंकुर, इथं!"

अंकुर फावडं घेऊन धावत आला. पहिला घाव, दुसरा, तिसरा. ओली रेती बाहेर येऊ लागली. चौथ्या घावाला फावडं खणकन वाजलं आणि त्याचे दोन्ही हात झिणझिणले.

 मग काठावरची सगळी माणसं एकदम खाली उतरली. हातांनी, पायांनी, चपलांनी रेती बाजूला होऊ लागली. "सरका, सरका, मॅडमले पाहू द्या!" बाबा लोकांना मागे रेटत होते. आईने न सांगता कळशी उपडी केली. पाण्याखाली दगड चमकला. काळा, गच्च, आडवे काप एकावर एक, सरपणाची मोळी रचून ठेवावी तसे. दोन्ही अंगांना पिवळा मुरूम, आणि मधून पंधरा हात रुंद ती काळी भिंत सरळ काठाखाली शिरत होती.

मॅडम ओल्या रेतीत गुडघ्यांवर बसल्या. हातोडीने एक ठोका दिला. दगड घंटेसारखा वाजला. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि तशाच बसलेल्या असताना बॅगेतून होकायंत्र काढून सुरभीपुढे धरलं.

"दिशा तुम्ही घ्या. आजपासून नोंदी तुमच्याच."

होकायंत्र तळहातावर सपाट धरायचं असतं. सुई ठरेना. प्रेरणाने मागून तिचं कोपर धरलं. सुई डुलली, डुलली, थांबली. भोवतीची सत्तर माणसं पुढे वाकली.

"उत्तरेपासून पूर्वेकडे सत्तर अंश," सुरभी मोठ्याने म्हणाली. "अंकुर, लिहून घे."